सुपर बोलचा फोटो छापलात, सामना कुठे गेला?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी फेब्रुवारीत सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगची फायनल, झाला की तुमच्या पेपरात काय येणार हे आता मला पाठ झालंय. हाफटाइमला गाणाऱ्या कलाकाराचा भला मोठा फोटो, स्टँडमधे कोणकोण येऊन बसलं होतं त्याची यादी, तीस सेकंदांच्या जाहिरातीला किती लाख डॉलर मोजले, आणि खाली कुठेतरी बारीक अक्षरात कोण जिंकलं. स्कोअर कधी असतो, कधी तोही नसतो. यावेळी तर बातमी क्रीडा पानावर नव्हतीच, मनोरंजनाच्या पानावर होती, आणि वर एक शेरा की हेल्मेट घालून एकमेकांच्या अंगावर आदळायचं आणि दर पाच सेकंदांनी थांबायचं असला खेळ अमेरिकेत लोकांना का आवडतो देव जाणे. देवाला कशाला त्रास देता, मी सांगते. पत्र लांबणार आहे, कापायचं असेल तर इतिहास कापा पण नियमांचं तेवढं ठेवा.

आधी ते थांबण्याचंच घेते कारण सगळ्यांची तक्रार तीच असते. १५ मिनिटांचे चार क्वार्टर, म्हणजे घड्याळात ६० मिनिटं, पण टीव्हीवर सामना तीन तासांच्या वर चालतो आणि त्यात बॉल खरोखर खेळात असतो तो जेमतेम ११ मिनिटं, वॉल स्ट्रीट जर्नलने २०१० मधे हे चक्क मोजून छापलं होतं. ऐकायला भयंकर वाटतं, मान्य. पण बोलर रनअपला परत चालत जातो तो वेळ कोणी क्रिकेटमधून वजा करतं का? त्या वेळात कॅप्टन फिल्ड हलवतो, आपण घरबसल्या सल्ले देतो, आता यॉर्कर टाकणार की स्लोअर यावर वाद होतात. इथेही तसंच आहे, फक्त इथे दोन्ही बाजूंचे २२ च्या २२ जण प्रत्येक वेळी नवा डाव मांडून उभे राहतात आणि तो मांडायला त्यांना फार तर ४० सेकंद मिळतात. थांबणं काढून टाकलं तर खेळात काही उरतच नाही.

आता नियम. मैदान १०० यार्ड लांब, दोन्ही टोकांना आणखी १०-१० यार्डांचा एंड झोन. ज्या टीमकडे बॉल आहे तिला चार प्रयत्न, त्याला डाऊन म्हणतात, आणि त्या चार डाऊनमधे किमान १० यार्ड पुढे सरकायचं. सरकलात की पुन्हा नवे कोरे चार डाऊन. नाही जमलं तर बॉल समोरच्यांचा, आणि तुम्ही जिथे अडकलात तिथूनच त्यांची सुरुवात. स्क्रीनच्या कोपऱ्यात थर्ड अँड सेव्हन असं लिहिलेलं दिसतं ना, ते काही गूढ नाही, तिसरा डाऊन चालू आहे आणि सात यार्ड बाकी आहेत एवढंच. बॉल घेऊन एंड झोनमधे शिरलात की टचडाऊन, ६ पॉइंट, त्यावर किक मारून आणखी १ किंवा हिंमत असेल तर परत एकदा घुसून २. लांबून दोन खांबांच्या मधून किक घातली की फील्ड गोल, ३ पॉइंट. आणि बॉलवाल्यालाच त्याच्या स्वतःच्या एंड झोनमधे आडवा केला तर समोरच्यांना २, याला सेफ्टी म्हणतात, क्वचित होतं पण झालं की मजा येते. पिवळा रुमाल पडला की फाउल, ५-१०-१५ यार्डांचा दंड. एवढ्यावर माणूस सामना बघू शकतो, बाकीचं बघता बघता कळतं.

खरी गंमत चौथ्या डाऊनला असते. तीन प्रयत्न झाले, समजा दोन यार्ड उरलेत. आता काय? लांब किक मारून बॉल समोरच्यांच्या टोकाला ढकलून द्यायचा, त्याला पंट म्हणतात, म्हणजे बॉल गेला पण निदान आपल्या दारात तरी नाही. खांब टप्प्यात असतील तर तीन पॉइंटवर समाधान मानायचं. किंवा जुगार खेळायचा, जमलं तर चार नवे डाऊन, फसलं तर बॉल तिथल्या तिथे समोरच्यांना. कोच काय करतो यावर स्टेडियममधल्या प्रत्येकाचं मत असतं, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात, दुकानात, रेडिओवर दिवसभर तेच चघळलं जातं. हा खेळ एवढा बोलला का जातो याचं अर्धं उत्तर इथेच आहे, कारण निर्णय सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतो आणि तो घ्यायला वेळही असतो, त्यामुळे आपल्याला जास्त कळतं असं वाटायला प्रत्येकालाच वाव मिळतो.

एक प्ले जवळून बघा. मागचा प्ले संपला, ४० सेकंदांचं घड्याळ सुरू. कोच क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चाल चालवणाऱ्या आणि पास फेकणाऱ्या खेळाडूच्या, हेल्मेटमधल्या स्पीकरवर पुढची चाल सांगतो, एनएफएलमधे हे रेडिओचं १९९४ पासून आहे, ज्याच्या हेल्मेटमधे तो असतो त्याच्यावर मागे हिरवा ठिपका दिसतो. घड्याळात १५ सेकंद उरले की आवाज बंद, पुढचं त्याचं तो बघेल. तोवर त्याने बाकी दहा जणांना गोल करून चाल सांगितलेली असते. हा गोल म्हणजे हडल, आणि तो आला कुठून माहितीये? वॉशिंग्टनमधल्या गॅलोडेट या कर्णबधिरांच्या विद्यापीठातून, १८९० च्या दशकात. तिथली पोरं खुणांनी चाल सांगायची, समोरही खुणांची भाषा कळणारी टीम असली की सगळं उघडं पडायचं, म्हणून त्यांच्या क्वार्टरबॅकने सगळ्यांना भोवती गोळा करून हात झाकून घ्यायला सुरुवात केली.

मग सगळे लाइनवर येतात. समोरच्यांची मांडणी बघून क्वार्टरबॅकला वाटलं की आपली चाल ओळखलीये, तर तो तिथल्या तिथे ओरडून बदलतो, बोटं दाखवतो, काही वेळा नुसतं नाटक करतो. सेंटर पायांमधून बॉल मागे देतो आणि पुढच्या तीन-चार सेकंदांत पाच लाइनमन, एकेक जण १४० किलोच्या आसपासचा, समोरून येणाऱ्या तितक्याच आडदांड माणसांना नुसत्या हातांनी आणि पायांच्या चालीने थोपवून धरतात. या पाचांतला सेंटर सोडला तर बाकीच्यांचा बॉलला वर्ष वर्ष हात लागत नाही. त्यांची चूक झाली तरच कॉमेंटेटर नाव घेतात. मला विचाराल तर बघायचं यांनाच, बॉलकडे बघणं सोडून द्यायचं. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असेल तर त्याची पाठ डावीकडे होते, तिथून कोण येतंय हे त्याला दिसत नाही, ती बाजू राखणारा लेफ्ट टॅकल म्हणून एवढा महाग.

आणि थांबून विचार करण्याने काय होतं त्याचं उदाहरण हवं तर १ फेब्रुवारी २०१५ चा सुपर बोल बघा, अॅरिझोनातल्या ग्लेन्डेलला झालेला. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८, सिअॅटल सीहॉक्स २४. अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ राहिलाय, बॉल सिअॅटलकडे, एंड झोन एक यार्डावर, दुसरा डाऊन. त्यांच्याकडे मार्शॉन लिंच, चार माणसं अंगावर घेऊन एक यार्ड सहज काढेल असा रनर. जगाला वाटलं आता त्याला बॉल द्या आणि कप घेऊन जा. त्यांनी पास फेकला. माल्कम बटलर नावाच्या पोराने झेप घेऊन तो मधल्यामधे पकडला आणि खेळ खलास. हा बटलर त्याच वर्षी टीममधे आलेला, ड्राफ्टमधे, म्हणजे कॉलेजच्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, त्याला कोणी घेतलंही नव्हतं, आणि सरावात याच चालीवर तो फसला होता म्हणून त्याला ती ओळखता आली. लोक आजही सिअॅटलच्या कोचला शिव्या घालतात. पण हिशोब बघा, रन अडवला गेला तर घड्याळ चालूच राहतं आणि त्यांच्याकडे घड्याळ थांबवायचा टाइमआउट उरला होता एकच, पास नुसता खाली पडला तर घड्याळ आपोआप थांबतं आणि आणखी दोन डाऊन आरामात खेळता येतात. निर्णय वेडेपणाचा नव्हता, निकाल वाईट लागला. मी तरी कोचच्या बाजूने आहे आणि यावरून माझी भांडणं झालीत.

मापाचंही सांगते कारण त्याच्यावर लोक हसतात. १० यार्ड झाले की नाही हे मोजायला बाजूने दोन माणसं काठ्या आणि त्यांच्यात ताणलेली साखळी घेऊन पळत यायची, १० यार्डांची साखळी, आणि ऐंशी हजार लोक श्वास रोखून बघायचे की बॉलचं टोक काठीच्या पुढे आहे की दोन बोटं मागे. एनएफएलने २०२५ च्या सिझनपासून हे मोजमाप कॅमेऱ्यांवर सोपवलं, साखळीवाले आता फक्त अडीअडचणीला. पण बॉल नेमका कुठे ठेवायचा हे अजूनही रेफ्री पळत येऊन नजरेच्या अंदाजानेच ठरवतो, म्हणजे आधी अंदाज आणि मग त्या अंदाजाचं मिलिमीटरमधे माप. यात काही अर्थ नाही, पण ती साखळी गेली याचं मला वाईटच वाटलं.

इतिहास थोडक्यात. पहिला कॉलेज सामना ६ नोव्हेंबर १८६९, न्यू जर्सीत, रटगर्स विरुद्ध प्रिन्स्टन, एका बाजूला २५ जण, रटगर्स ६-४ ने जिंकलं, आणि तो खेळ आजच्यासारखा अजिबात नव्हता. येलच्या वॉल्टर कॅम्पने १८८० मधे लाइन ऑफ स्क्रिमेज आणली, म्हणजे बॉल कोणाचा हे ठरवूनच खेळ सुरू होणार, आणि १८८२ मधे डाऊनचा नियम, तेव्हा तीन डाऊनमधे पाच यार्ड. मग सगळे घोळक्याने एकमेकांवर धडकायला लागले आणि १९०५ च्या एका सिझनमधे किमान १८ खेळाडू मेले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमधे बोलावलं, त्यांचा स्वतःचा मुलगा तेव्हा हार्वर्डकडून खेळत होता, आणि १९०६ मधे पुढे पास फेकायला परवानगी मिळाली. आज ज्या लांब पाससाठी लोक उठून उभे राहतात तो मुळात पोरं मरू नयेत म्हणून आणलेला आहे.

आता लोकांना वेड का? एक कारण वेळापत्रक. शुक्रवारी संध्याकाळी शाळेची टीम, शनिवारी कॉलेज, रविवारी एनएफएल. हे आपोआप झालेलं नाही. १९६१ च्या प्रसारण कायद्याने एनएफएलच्या टीम्सना एकत्र येऊन टीव्हीचे हक्क विकायची मुभा दिली आणि त्याच कायद्याने शाळा-कॉलेजच्या सिझनमधे शुक्रवारची संध्याकाळ आणि शनिवार त्यांच्यासाठी राखून ठेवला. टेक्सासमधे अॅलन नावाच्या गावात शाळेच्या टीमसाठी २०१२ मधे १८ हजार लोकांचं स्टेडियम बांधलं, ६ कोटी डॉलर घालून, शाळेच्या! मिशिगन युनिव्हर्सिटीचं स्टेडियम १ लाख ७ हजारांचं आणि ज्या अॅन आर्बर शहरात ते आहे त्याची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास. सामन्याच्या दिवशी लोक सकाळपासून पार्किंगमधे गाडीची डिकी उघडून शेगडी पेटवतात, त्यातल्या कित्येकांकडे तिकीटही नसतं. नोव्हेंबरात टर्की खाऊन साजरा होणाऱ्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला १९३४ पासून डेट्रॉइट लायन्स खेळतात आणि १९६६ पासून डॅलस काउबॉइज, टर्की आणि फुटबॉल यातलं आधी काय आलं असं तिथल्या लहान मुलांना वाटत असेल. एनएफएलच्या एका टीमला नेहमीच्या सिझनमधे सामने फक्त १७, आठवड्याला एक, त्यामुळे एकेक हार आठवडाभर डोक्यात राहते. बेसबॉलवाले १६२ खेळतात, त्यांना कसलं आलंय टेन्शन.

दुसरं कारण मला जास्त भावतं ते म्हणजे पैशांची वाटणी. पीट रोझेल लीगचा कमिशनर, म्हणजे मुख्य अधिकारी, असताना टीम मालकांना पटवलं गेलं की टीव्हीचे पैसे सगळ्यांनी सारखे वाटून घ्यायचे, न्यूयॉर्क असो की एखादं छोटं गाव. आज ३२ टीम आहेत, २०२१ मधे ११ वर्षांचे सुमारे ११० अब्ज डॉलरचे करार झाले, तेही सारख्या वाट्याने. पगारावर १९९४ पासून मर्यादा आहे. आणि कॉलेजातून येणारे खेळाडू निवडताना सगळ्यात वाईट खेळलेल्या टीमला पहिला नंबर, हा ड्राफ्ट १९३६ पासून चालू आहे. बाजाराचे गोडवे गाणाऱ्या देशातला खेळांचा सगळ्यात मोठा धंदा असा आतून समाजवादी आहे आणि याची तिथे कोणाला गंमतही वाटत नाही. त्यात मग टॉम ब्रेडीसारखा माणूस २००० च्या ड्राफ्टमधे १९९ व्या नंबरवर उचलला जातो आणि सात सुपर बोल जिंकून जातो, म्हणजे निवडणाऱ्यांना काय कळतं ते बघा.

या वाटणीमुळेच ग्रीन बे टिकलं. विस्कॉन्सिनमधलं एक लाखाच्या थोडं वरच्या वस्तीचं गाव, तिथली पॅकर्स ही टीम १९२३ पासून लोकांच्या मालकीची, पाच लाखांहून जास्त शेअरहोल्डर, लाभांश शून्य, शेअर विकून नफाही काढता येत नाही, फ्रेम करून भिंतीवर लावायचा फक्त. मालक टीम उचलून दुसऱ्या शहरात घेऊन गेला असं तिथे होऊ शकत नाही, बाकी ठिकाणी झालंय. बर्फ पडला की गावातले लोक फावडी घेऊन स्टेडियम साफ करायला रांग लावतात, तासाचे पैसे मिळतात पण पैशांसाठी कोणी येत नसावं. ३१ डिसेंबर १९६७ ला तिथे उणे २५ सेल्सियसमधे सामना झाला, डॅलसविरुद्ध, पॅकर्स २१-१७ ने जिंकले आणि लोक शेवटपर्यंत बसून होते. सगळ्यात जास्त, १३ वेळा लीगचं विजेतेपद याच गावाकडे आहे.

सगळं गोडच आहे असं नाही, आणि तुमच्या पेपराने लिहायचंच असेल तर यावर लिहा ना. पिट्सबर्ग स्टीलर्सचा सेंटर माइक वेब्स्टर, चार सुपर बोल जिंकलेला, २००२ मधे पन्नाशीत गेला, शेवटी शेवटी गाडीत झोपायचा. बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या डॉक्टरने त्याचा मेंदू तपासला आणि डोक्याला बसलेल्या हजारो छोट्या धक्क्यांचा परिणाम, सीटीई, पहिल्यांदा या खेळाच्या संदर्भात मांडला. लीगने आधी टोलवाटोलवी केली, मग जुन्या खेळाडूंबरोबर सुमारे एक अब्ज डॉलरची तडजोड. २ जानेवारी २०२३ ला बफेलोचा डमार हॅमलिन टॅकल करून, म्हणजे बॉलवाल्याला आडवा पाडून, उठला आणि कोसळला, हृदय थांबलं होतं, मैदानावरच सीपीआर देऊन वाचवला आणि तो परत खेळायलाही आला, सामना मात्र तिथेच सोडून दिला. रंगभेदाचंही तेच, १९३४ ते १९४५ एकही कृष्णवर्णीय खेळाडू लीगमधे नव्हता, क्वार्टरबॅकची जागा डोक्याची म्हणून ती तर त्यांना अनेक दशकं नाकारलीच. वॉशिंग्टनच्या डग विल्यम्सने जानेवारी १९८८ मधे सुपर बोल जिंकून दाखवला ४२-१० ने, आणि दोन्ही बाजूंचे क्वार्टरबॅक कृष्णवर्णीय असलेला पहिला सुपर बोल उजाडायला २०२३ साल लागलं. कॉलेजचे कोच कोटींत कमवायचे तेव्हा खेळणाऱ्या पोरांना स्वतःच्या नावावर कमाई करायची मुभा २०२१ मधे मिळाली. जाहिरातींचं तर बोलूच नका, टचडाऊननंतर जाहिरात, मग किकऑफ, मग परत जाहिरात, तिथे मीही चॅनल बदलते.

पण हे सगळं कळायला आधी सामना सामना म्हणून छापला गेला पाहिजे. आपल्याकडे सुपर बोल संपतो सोमवारी सकाळी, मंगळवारच्या अंकाला अख्खा दिवस हातात असतो, त्यामुळे डेडलाइनचं कारण चालणार नाही. क्वार्टरनुसार स्कोअर, कोणत्या चौथ्या डाऊनला काय ठरवलं, सामना कुठे फिरला, दोनशे शब्द पुरे. शिवाय २०२८ ला लॉस एंजेलिस ऑलिंपिकमधे फ्लॅग फुटबॉल येतोय, २०२३ च्या ऑक्टोबरमधे मुंबईच्या बैठकीत टी-ट्वेंटी क्रिकेटबरोबरच तो मंजूर झाला, तुम्ही पहिल्या पानावर क्रिकेट घेतलंत आणि बाकीचे खेळ एका ओळीत उरकलेत. त्यात टॅकल नाही, पाच-पाच खेळाडू, कमरेची पट्टी ओढली की डाऊन संपला, चार डाऊनमधे अर्धं मैदान ओलांडायचं आणि मग एंड झोनसाठी पुन्हा चार, पुरुषांच्या सहा आणि बायकांच्या सहा टीम. तेव्हा निदान नियमांची एक चौकट टाका. लिहून हवी असेल तर मी देते, मानधन नको, फक्त मनोरंजनाच्या पानावर टाकू नका.

आपली,
एक नियमित वाचक